सात कणांचा फेर

माझ्या संशोधनाचं पुढे काय झालं, असं लोक मला फार कौतुकाने विचारतात. मी सांगते की ते आता दिवाणखान्यात, पोह्यांच्या बशीशेजारी ठेवलेलं असतं. लोकांना वाटतं मी विनोद करतेय. विनोद आणि तक्रार यांतला फरक लोकांना कळत नाही, हे मी आता धरूनच चालते.

मी वैजयंती हर्डीकर. उभी हयात पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत धूळ बघण्यात घालवली. धूळ तर आमच्या घरीही असते, त्यात तुम्ही काय वेगळं बघता, असं आमच्या एका संचालकांनी मला भर बैठकीत विचारलं होतं. त्यांना मी जे सांगितलं तेच इथे सांगते. ते तेव्हा फोनमध्ये बघत होते, तुम्ही तेवढं करू नका.

काचेच्या भांड्यातली बहुतेक हवा काढून टाकायची आणि उरलेल्या विरळ वायूतून वीज सोडायची. वायूचे अणू फुटतात, सुटे इलेक्ट्रॉन आणि धन भाराचे आयन तयार होतात, भांडं जांभळं उजळतं. हा प्लाझ्मा. आता त्यात धुळीचे थोडे कण सोडायचे, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढे. इलेक्ट्रॉन हलके आणि चपळ, ते आधी येऊन कणाला चिकटतात, एकेका कणावर हजारोंनी. त्यामुळे प्रत्येक कण ऋण भाराचा होतो. तळाजवळचं विद्युतक्षेत्र त्याला वर ढकलतं, वजन खाली ओढतं, आणि कण मधल्यामध्ये तरंगत राहतो. हे कण एकमेकांना दूर लोटतात, पण भोवतालचं क्षेत्र वाटीसारखं असल्यामुळे फार दूर जाऊ शकत नाहीत. मग ते आपसांत अंतर राखून बसतात. तीन असले तर त्रिकोण, चार असले तर चौकोन. सात असले तर एक मधोमध आणि सहा त्याच्या भोवती.

आता भांड्याभोवती चुंबकीय क्षेत्र लावा. सरळ निघालेले आयन आडवे वळतात आणि जाताजाता कणांना ढकलतात. तो धक्का अगदी नाजूक असतो, पण सहा कणांचं कडं सावकाश फिरायला लागतं, भोंडल्यात पाटावरच्या हत्तीभोवती मुली फेर धरतात तसं. लाखो कणांच्या ढगाला बारीकसारीक काही जाणवत नाही. सातांच्या गुच्छाला सगळं जाणवतं. वायूत दुसऱ्या एखाद्या वाफेचा अंश जरी मिसळला, तरी आयन बदलतात, कणांवरचा भार बदलतो, आणि फेर मंदावतो, थबकतो, कधी उलटा फिरतो. कुठल्या वाफेने फेर कसा बदलतो हे ओळखायला मी शिकले. माणसाच्या श्वासात अशा वाफा पुष्कळ असतात. मूत्रपिंड थकलं की एक वाढते, यकृत बिघडलं की दुसरी, शरीराला साखर वापरता येईनाशी झाली की ॲसिटोन. सुई न टोचता, नुसत्या फुंकरीवर हे कळलं असतं. आडगावच्या आरोग्यकेंद्रात असं एक भांडं ठेवलेलं मी मनात कितीदा पाहिलं होतं.

ते भांडं बाजारात आणलं माझ्याच एका विद्यार्थ्याने, निनाद घैसासने. मुलगा हुशार, आणि हुशार मुलाला बिघडायला जेवढा वेळ लागतो तेवढाच त्याला लागला. माझ्या आराखड्यात यंत्र आधी विचारायचं, तुम्ही शेवटचं कधी जेवलात. आणि निकाल वाईट आला तर पोटभर खाऊन काही तासांनी पुन्हा फुंकायला सांगायचं. निनादने दोन्ही काढून टाकलं. "मॅडम, ग्राहकाला प्रश्न आवडत नाहीत," तो मला म्हणाला, "त्याला उत्तर हवं असतं." मग त्याने उत्तरही सोपं केलं. हिरवा दिवा, पिवळा दिवा, लाल दिवा. रस्त्यावर लोक जे तीन दिवे जुमानत नाहीत, तेच घरात आणून ठेवले की त्यांच्यापुढे हात जोडतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. यंत्राचं नाव ठेवलं 'श्वाससखी'. सखी म्हणे.

श्वाससखी दवाखान्यांत फारशी गेली नाही. ती गेली लग्नाच्या बैठकींत. दोनेक वर्षांत रीतच पडली की पत्रिका जुळो न जुळो, मुलीची फुंकर झाली पाहिजे. "मुलगी शिकलेली आहे, फुंकर हिरवी आहे," अशा जाहिराती यायला लागल्या. मुलाची फुंकर कुणी मागितली की पलीकडून उत्तर यायचं, आमच्याकडे झालेली आहे. कधी, कुणासमोर, ते विचारायची पद्धत नव्हती.

माझी भाची ओवी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, मेधाची मुलगी. इंजिनिअर आहे, पुलांचं गणित करते. सांगलीच्या शौनक किणीकरशी तिचं वर्षभर भेटणं-बोलणं चाललेलं होतं आणि दोघांचं ठरल्यातच जमा होतं. मला तो मुलगा गुळगुळीत वाटायचा, पण मला बहुतेक लोक काही ना काही वाटतात, म्हणून मी गप्प बसले. शिवाय ओवी एकदा म्हणाली होती, "मावशी, तो ऐकून घेतो गं. मी बोलत असले की मध्ये तोडत नाही." सत्तावीस वर्षांच्या मुलीला एवढ्याचं अप्रूप वाटावं, याचा राग कुणावर काढावा ते मला कळलं नाही. तिचा जीव त्याच्यात होता, हे मात्र दिसत होतं.

किणीकरांनी चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाला आणि जेवायला बोलावलं. साखरपुड्याची तारीख त्याच दिवशी काढायची आणि फुंकरही तेव्हाच, बाप्पासमोर, उरकायची. मेधाचे यजमान त्यांच्या घरच्या गणपतीला कोकणात गेलेले, म्हणून वडीलमाणूस म्हणून मला गाडीत घातलं.

साताऱ्याच्या पुढे ओवी खिडकीला डोकं टेकून बसली होती. ओठ सुकलेले.

"बरं नाही का गं?" मी विचारलं.

"उपास आहे ना. कालची हरतालिका."

"ती काल झाली. आज सकाळी सोडायचा असतो."

पुढच्या सीटवरून मेधा म्हणाली, "शैलजाताईंनी फोनवर सांगितलंय, आमच्याकडे मुली निर्जळी करतात आणि दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाल्यावरच सोडतात म्हणून. त्यांच्या प्रसादानेच सोडेल की. तेवढाच त्यांना आनंद."

"आणि तू ऐकलंस?" मी ओवीला म्हटलं. "एवढं शिकून?"

"एका दिवसाने काय होतंय मावशी," ती म्हणाली. "शौनकच्या आईला बरं वाटेल."

पाणी तरी पी म्हणून मी बाटली तिच्या हातात कोंबली. ती दोन घोट प्यायली, आईला दिसणार नाही अशा बेताने. चांगला नवरा मिळावा म्हणून करायचा तो उपास. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण आत बघितलं असतं तर बोलले असते.

किणीकरांचा बंगला विश्रामबागेत. उल्हासराव किणीकर पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आवाज अजून साइटवरचाच. दारातच त्यांनी मला सांगून टाकलं, "हर्डीकर मॅडम, आम्ही सायंटिफिक माणसं बरं का. पत्रिका वगैरे आम्ही मानत नाही. तुमचं यंत्र मात्र मानतो."

आत मखरात गणपती, आणि मखराच्या डाव्या बाजूला पाटावर श्वाससखी. यंत्राला हळदकुंकू लावलेलं, वर जास्वंदीचं फूल. सायंटिफिक माणसांचं घर होतं ते. यंत्राच्या पुढच्या बाजूला बांगडीएवढी गोल काच आहे, तिच्यातून आतला जांभळा उजेड दिसतो. निनादने ती निव्वळ शोभेसाठी ठेवली. आत काय फिरतंय ते बघायचं कुणाच्या मनातही येत नाही, सगळे वरच्या दिव्याकडे बघतात.

शैलजाबाई, म्हणजे शौनकची आई, स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामध्ये सारख्या फिरत होत्या. नऊवारी नेसलेल्या, अंगावर ठेवणीतले दागिने, चेहऱ्यावर घाम. त्यांनी ओवीला पायापासून केसांपर्यंत एकदा न्याहाळलं आणि म्हणाल्या, "उपास केलास ना गं नीट? आमच्याकडे पाणीसुद्धा घेत नाहीत." ओवी हो म्हणाली. "मी लग्नाआधीपासून करते," त्या म्हणाल्या, आणि मोदकाची उकड काढायला आत गेल्या. मला ती बाई अजिबात आवडली नाही.

गुरुजींना उशीर झाला होता. पूजा झाली, पण नैवेद्याचं पान वाढायचं राहिलं होतं. उल्हासराव आणि शौनक यांनी सकाळीच पोहे खाल्लेले होते, त्यामुळे दोघांची काही तक्रार नव्हती. "तोवर फुंकर उरकून घेऊ की," उल्हासराव म्हणाले.

ओवीने नळीत फुंकलं. यंत्रातला पंप श्वासातला दमटपणा काढून उरलेल्यातलं कणभर आत सोडतो. सगळे दिव्याकडे बघत होते. मी पर्समधलं भिंग काढून काचेतून बघितलं.

सात कण नेहमीच्या जागी. कडं घड्याळाच्या दिशेने फिरत होतं. ते मंदावलं. थांबलं. मधला कण किंचित थरथरला, कडं जरासं रुंदावलं, आणि उलट्या दिशेला फिरायला लागलं. इतक्या वर्षांनंतरही मला ते बघून बरं वाटलं, आणि त्याच क्षणी कळलं की वर काय लागलं असणार.

लाल दिवा. आणि निनादने कुठल्याशा गोड गळ्याच्या बाईकडून बोलून घेतलेलं वाक्य, "कृपया तज्ज्ञांचा सल्ला घ्या."

 उल्हासरावांनी चष्मा काढून पुसला. शौनक यंत्राकडे बघत राहिला, ओवीकडे नाही. मेधाने माझा दंड धरून मला खिडकीपाशी नेलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "ताई, खरं सांग. काही आहे का तिला? लहानपणी तिला फार तहान लागायची, आठवतं?"

पोटच्या पोरीला सत्तावीस वर्षं वाढवलेल्या बाईने एका दिव्यापायी तिची तहान आठवावी, याची मला चीड आली. "तिला भूक आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

आणि मी समजावून सांगितलं. पोटात काही नसलं की शरीर साठवलेली चरबी जाळतं. ती जळताना ॲसिटोन तयार होतं आणि श्वासावाटे बाहेर पडतं. मधुमेह बिघडला की हेच होतं, उपाशी राहिलं की हेच होतं. कणांना वाफ कळते, कारण कळत नाही. कारण माणसाने विचारायचं असतं. ही मुलगी परवा रात्रीपासून उपाशी आहे. तिला जेवू घाला आणि संध्याकाळी पुन्हा तपासा.

उल्हासरावांनी शांतपणे ऐकलं. खात्यात कंत्राटदारांचं असंच ऐकत असणार. "मॅडम, तुम्ही मुलीकडच्या," ते म्हणाले. "तुम्ही असंच म्हणणार. आमचं काही म्हणणं नाही, पण यंत्र यंत्र असतं."

"यंत्र माझं आहे," मी म्हटलं.

"शोध तुमचा असेल. यंत्र कंपनीचं आहे."

ते खरं होतं. मग मला वाटलं, सायंटिफिक माणसं आहेत ना, प्रयोगच करू. मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. शैलजाबाई मोदकपात्र उतरवत होत्या.

"शैलजाताई, तुमचाही उपास आहे ना? दोन मिनिटं बाहेर या आणि एकदा फुंका. म्हणजे सगळ्यांना कळेल."

त्यांनी पदराला हात पुसले आणि ताठ मानेने आल्या. आपल्याला काही निघेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी फुंकलं. मी भिंगातून बघत होते. कडं मंदावलं, थांबलं, मधला कण थरथरला, कडं उलटं फिरलं. तोच फेर, तीच गती. कुठल्याही शहाण्या माणसाने ते बघून टाळी वाजवली असती.

लाल दिवा. तीच गोड बाई.

"आणि आता शौनक," मी म्हणाले. मला अगदी चेव आला होता. "हा सकाळी पोहे खाऊन बसलाय. बघा काय येतं ते."

शौनकने फुंकलं. कडं घड्याळाच्या दिशेने फिरत होतं तसंच फिरत राहिलं. हिरवा दिवा. "अभिनंदन," गोड बाई म्हणाली.

मी मागे सरले आणि सगळ्यांकडे बघितलं. उपाशी दोघी लाल, जेवलेला एक हिरवा. याहून स्वच्छ प्रयोग मी प्रयोगशाळेतसुद्धा क्वचित केला असेल. आता ओवीची सुटका झाली, असं मी धरून चालले होते. बुद्धी असलेल्या माणसांत वावरायची सवय लागली की असं होतं.

उल्हासराव बायकोकडे बघत होते. आजपर्यंत न दिसलेलं काहीतरी तिच्या तोंडावर दिसल्यासारखे.

"शैला," ते म्हणाले, "हे तू मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं?" शैलजाबाईंना कळेना.

"किती दिवस झाले? काही होत असेल ना तुला. चक्कर वगैरे."

"अहो, उपास आहे माझा."

"तुझ्या वडिलांना होती शुगर. लग्नाच्या वेळी सांगितलं नव्हतं कुणी." मग ते माझ्याकडे वळले. "बरं झालं मॅडम, तुम्ही तिला फुंकायला लावलं. आणि शौनकचं हिरवं आलं बघा. म्हणजे आमच्या रक्तात नाही. हे तिच्या माहेरचं आहे. यंत्र अगदी बरोबर आहे."

मी त्यांना पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून, सावकाश, लहान मुलांना सांगतात तसं. ते मान डोलवत होते आणि एकीकडे शौनकला कुठल्या डॉक्टरांना फोन लावायचा ते सांगत होते. शौनकही लगेच फोन घेऊन व्हरांड्यात गेला. तो ऐकून घेतो, हे ओवीचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त कुणाचं, ते तिला आज दिसत होतं. ती पाटाशेजारी बसली होती, अंग चोरून, आणि सगळं बघत होती.

शैलजाबाई मधोमध उभ्या होत्या. तासाभरापूर्वी ह्याच बाईने माझ्या भाचीला आपादमस्तक तपासलं होतं. आता तिला तिचाच नवरा तसा तपासत होता, आणि तिला अंगावरचं लुगडं कसं सावरावं ते कळत नव्हतं. मला वाटलं होतं की मला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

गुरुजींनी हाक मारली. पान वाढून झालं, नैवेद्य दाखवला, आरती झाली. आरतीतही उल्हासरावांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. मग शैलजाबाईंनी नैवेद्याच्या पानाला नमस्कार केला आणि प्रसादाच्या ताटातून एक मोदक उचलला. वाफ येत होती त्यातून. तो त्यांनी स्वतःच्या हाताने वळलेला होता, त्यावर स्वतःच्या हाताने तूप घातलेलं होतं. त्या तो तोंडाशी नेणार, तेवढ्यात शौनक पुढे आला आणि त्याने आईचं मनगट धरलं.

"आई, गोड नको," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणालेत, रिपोर्ट येईपर्यंत काही गोड द्यायचं नाही."

त्याचा सूर मायेचाच होता. त्याने हळूच तिच्या बोटांतून मोदक सोडवून घेतला आणि परत ताटात ठेवला.  तिचा हात तसाच उघडा राहिला, बोटांना तूप लागलेलं.

"बरोबर आहे," उल्हासराव म्हणाले. "शैला, तू आपली एक भाकरी टाकून घे. पण आधी आमची पानं वाढ. पाहुणे खोळंबलेत."

मी तोंड उघडणार होते. काय बोलले असते ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण ओवी उठली होती. ती शैलजाबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"काकू, तुम्ही शेवटचं कधी जेवलात?"

माझा प्रश्न. निनादने काढून टाकलेला. तो त्या घरात कुणाच्या तरी तोंडून पहिल्यांदाच निघाला असावा, कारण शैलजाबाईंना मोजून बघावं लागलं.

"परवा रात्री," त्या म्हणाल्या. "नाही, परवा रात्री पण नीट नाही. दुसऱ्या दिवशीची तयारी होती."

ओवीने ताटातला तोच मोदक उचलला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

"ओवी, तू यात पडू नकोस," शौनक म्हणाला. "आईच्या तब्येतीचा प्रश्न आहे."

"मीपण परवा रात्री जेवलेय," ओवी म्हणाली. "तुझ्या आईला बरं वाटावं म्हणून. माझा लाल लागला तेव्हा तू मला काय विचारलंस?"

शौनक आठवू लागला. त्याला आठवेना, कारण त्याने काही विचारलंच नव्हतं. "तुमचे उपास-बिपास मला काय माहीत," तो शेवटी म्हणाला.

"तेच," ओवी म्हणाली.

तिने स्वतःसाठी एक मोदक घेतला आणि तिथेच, गणपतीपुढे, शैलजाबाईंच्या शेजारी जमिनीवर बसली. दोघींनी खाल्लं. घाईघाईने, एकमेकींकडे न बघता, भुकेलेली माणसं खातात तसं. उल्हासराव घसा खाकरत होते. मेधा रडायच्या बेतात होती, आणि कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

खाऊन झाल्यावर ओवीने हात पुसले. "आई, निघू या."

"अहो, तसं काही नाही," उल्हासराव म्हणाले. आता त्यांना मोठेपणा सुचला होता. "आम्ही अजून नाही म्हटलेलं नाही. औषधपाण्याने आटोक्यात राहत असेल तर आम्ही विचार करू."

"माझा झालाय विचार, काका," ओवी म्हणाली.  शौनककडे तिने एकदा बघितलं. तो वडिलांकडे बघत होता. तेवढ्यावर तिने चप्पल घातली आणि फाटकाबाहेर गाडीत जाऊन बसली. रडायचं ते तिने गाडीची काच वर करून रडून घेतलं. मी जवळ गेले नाही. पुलांचं गणित करणारी मुलगी आहे, कुठे किती भार पेलायचा ते तिला कळतं. निदान मी तसं धरून चालले.

पायरीवर चपला शोधत होते, तेवढ्यात शैलजाबाई मागून आल्या. हातात स्टीलचा डबा, मोदकांचा. "पोरीला द्या," म्हणाल्या. "जेवण राहिलं तुमचं."

मी डबा घेतला. आतून उल्हासरावांची हाक आली, "शैला, पानं घेतेस ना?" त्या हलल्या नाहीत. आतल्या यंत्राच्या दिशेने त्यांनी एकदा बघितलं.

"मॅडम, मघाशी तुम्ही एवढं सांगत होतात, ते मला नीट कळलं नाही. इथे सगळे एकदम बोलतात. त्या यंत्राला माझं नक्की काय कळलं?"

मला आयन, भार, फेर, सगळं सांगता आलं असतं. उभ्या हयातीत पहिल्यांदा कुणीतरी ते खरंच ऐकायला उभं होतं. पण मी एकच शब्द म्हणाले.

"भूक."

आतून दुसरी हाक आली. शैलजाबाईंनी पदराने बोटांचं तूप पुसलं.

"चला," त्या म्हणाल्या, "या घरात कुणाला तरी कळली."